कानाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा सीटी स्कॅन : रोगाबरोबर रक्तवाहिन्यांची ठेवणही पाहिली जाते का?

गोदाकाठ

कान सतत वाहणे, पडद्याला छिद्र असणे किंवा कानाचे हाड सडणे यांवर शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टर बहुधा कानाच्या हाडाचा एचआरसीटी, म्हणजे अगदी पातळ कापांचा सीटी स्कॅन, काढून आणायला सांगतात. नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत स्कॅन सेंटरे झालेली असल्यामुळे तो काढणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. रोग कुठवर पसरला आहे हे कळावे म्हणून हा स्कॅन करतात, एवढे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसते, जिच्याविषयी नातेवाईक सहसा विचारत नाहीत आणि अहवालातही कधी कधी एक ओळ सापडत नाही. कानाला अगदी लागून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या या विशिष्ट रुग्णात नेहमीच्या जागी आहेत का, ही ती गोष्ट.

मेंदूतून हृदयाकडे परतणारे रक्त कानामागच्या मास्टॉइड हाडाला लागून असलेल्या सिग्मॉइड सायनस या मोठ्या शिरेतून खाली येते आणि मध्यकर्णाच्या तळाखाली ज्युग्युलर बल्ब नावाच्या फुगीर भागातून मानेतल्या मोठ्या शिरेत उतरते. मध्यकर्णाच्या पुढच्या अंगाने मेंदूला रक्त पुरवणारी कॅरॉटिड धमनी वर जाते. म्हणजे ज्या पोकळीत शल्यचिकित्सक काम करतात, तिच्या मागे, खाली आणि पुढे अशा तिन्ही बाजूंना रक्ताचे मोठे प्रवाह आहेत आणि मध्ये फक्त हाडाचा पातळ पापुद्रा आहे.

माझ्या वहिनींच्या उजव्या कानात कोलेस्टिटोमा, म्हणजे हाड झिजवत वाढणारा त्वचेचा गोळा, निघाला आहे. त्यांच्या अहवालात रोगाचे वर्णन व्यवस्थित होते आणि कोणते हाडूक झिजले आहे तेही लिहिलेले होते, पण रक्तवाहिन्यांबद्दल एक अक्षर नव्हते. शल्यचिकित्सकांनी सीडी स्वतः पडद्यावर लावून पाहिली, तेव्हा त्यांनी आम्हाला दाखवले की ज्युग्युलर बल्ब नेहमीपेक्षा वर आलेला आहे आणि त्याच्यावरचे हाड एका ठिकाणी दिसत नाही. डॉक्टर स्वतः चित्रे पाहणारे होते म्हणून हे कळले. या विषयातल्या जाणकार सभासदांना माझी विनंती आहे की रुग्णाने आणि नातेवाइकांनी स्कॅनपूर्वी नेमके काय मागावे, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिमावाचक

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि कानाचे स्कॅन माझ्या रोजच्या कामात असतात. गोदाकाठ, आपण मांडलेला मुद्दा योग्य आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

साध्या एचआरसीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्त उजळवणारे औषध) देत नाहीत, त्यामुळे रक्त उजळून दिसत नाही. आम्हाला रक्तवाहिनी ओळखता येते ती तिच्याभोवतीच्या हाडाच्या आकारावरून. काप साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीचे घेतले, तर हे हाड चांगले दिसते आणि आडव्या कापांवरून संगणक उभे कापही तितक्याच स्पष्टपणे तयार करू शकतो. काप जाड असतील, तर पातळ हाड शेजारच्या करड्या भागात विरघळून जाते आणि नसलेला दोष दिसू लागतो.

मी आडवे काप खालून वर पाहत जातो. कवटीच्या तळाशी दोन गोलसर पोकळ्या जवळजवळ दिसतात, पुढची कॅरॉटिडची आणि मागची ज्युग्युलरची, आणि दोहोंमध्ये हाडाचा एक छोटा कंगोरा असतो. वर सरकत गेल्यावर पुढची पोकळी आत वळून आडवी होते, तर मागची लहान होत होत संपते. ती कोणत्या पातळीवर संपते, ही माझी पहिली नोंद. उंच बल्ब कशाला म्हणावे याचे निकष निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे दिले आहेत. कोणी पडद्याच्या खालच्या कडेपासून मोजतात, कोणी कर्णावर्ताच्या (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाच्या, म्हणजे कॉक्लियाच्या) तळच्या वेढ्यापासून, तर कोणी आंतरकर्ण नलिकेच्या तळापासून. म्हणून मी नुसते ‘उंच’ असे न लिहिता तो कोणत्या पातळीपर्यंत पोहोचला आहे ते लिहितो. त्यानंतर उभ्या कापात बल्ब आणि मध्यकर्ण यांमधली हाडाची पांढरी रेषा पाहायची. ती दोन्ही दिशांच्या कापांत, आणि सलग काही कापांत, तुटलेली दिसली तरच हाड नाही असे म्हणतो. मध्यकर्णात पाणी, सूज किंवा कोलेस्टिटोमा भरलेला असेल, तर तो आणि रक्त साध्या सीटीत सारखेच करडे दिसतात, त्यामुळे तिथे विशेष जपून लिहावे लागते.

मास्टॉइडमध्ये सिग्मॉइड सायनस किती पुढे आला आहे, म्हणजे कानाच्या नळीची मागची भिंत आणि सायनस यांच्यात ड्रिलसाठी किती जागा उरली आहे, हेही पाहायचे असते. हाडातून बाहेर येणारी एमिसरी शीर मोठी असेल तर तिचीही नोंद हवी. क्वचित पेट्रोस्क्वामोसल सायनस ही गर्भावस्थेत असलेली शीर प्रौढपणीही टिकून राहिलेली आढळते आणि ती मास्टॉइडच्या वरच्या भागातून, नेमकी ड्रिलच्या वाटेत जाते. याहून दुर्मीळ म्हणजे टिकून राहिलेली स्टेपिडियल धमनी. तिची खूण कानाबाहेर मिळते. कवटीच्या तळातले फोरॅमेन स्पायनोसम हे छोटे छिद्र त्या बाजूला नसते आणि चेहऱ्याच्या नसेची वाहिनी मध्यकर्णात रुंद दिसते. ज्याने ते छिद्र मुद्दाम पाहिले नाही त्याला ही धमनी सापडत नाही.

आता अहवालात हे का येत नाही ते सांगतो. चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘एचआरसीटी टेम्पोरल बोन’ एवढेच लिहिलेले असते. कोणता कान, काय दिसले, कोणती शस्त्रक्रिया करायची आहे, आधी शस्त्रक्रिया झाली आहे का, यांतले काहीही नसते. असे असले तरी नोंद करणे हे आमचेच काम आहे आणि ते टाळण्याचे समर्थन मी करणार नाही. पण चिठ्ठीवर ‘उजव्या कानात कोलेस्टिटोमा, मास्टॉइडची शस्त्रक्रिया नियोजित, सिग्मॉइड सायनस, ज्युग्युलर बल्ब, कॅरॉटिड वाहिनी व चेहऱ्याची नस यांविषयी स्वतंत्र नोंद करावी’ असे लिहिलेले असले, तर कोणताही रेडिऑलॉजिस्ट ते वगळणार नाही. आपल्या डॉक्टरांना ही ओळ लिहायची विनंती करण्यात संकोच बाळगू नये. विकृती नसेल तर तसेही लिहून यायला हवे, कारण ‘पाहिले आणि नेहमीसारखे आहे’ आणि ‘पाहिलेच नाही’ हे दोन्ही कोऱ्या जागेतून सारखेच वाचले जातात.

निफाडकर

दोन्ही प्रतिसाद वाचले. विषयाविषयी आदर ठेवूनच एक शंका मांडतो. आमच्या गावातल्या अनेकांच्या कानाच्या शस्त्रक्रिया फक्त एक्स-रे काढून झाल्या आणि उत्तम झाल्या. द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत कानाचे दुखणे अंगावर काढणारे आमचे लोक एक्स-रेचे पैसे कसेबसे देतात, स्कॅन म्हटले की शस्त्रक्रियाच पुढे ढकलतात. प्रत्येक वाहत्या कानासाठी सीटी हवाच, असे आपले म्हणणे आहे का? सीटी येण्याआधीही डॉक्टर कानाची शस्त्रक्रिया करतच होते.

कर्णचिकित्सक

निफाडकर, शंका रास्त आहे. मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे आणि ग्रामीण भागातले रुग्णही पाहतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

मास्टॉइडची शस्त्रक्रिया सीटीपेक्षा पुष्कळ जुनी आहे, हे खरे आहे. जर्मनीत श्वार्ट्झे यांनी ती १८७३ मध्ये पद्धतशीरपणे मांडली, आणि सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले गेले ते १९७१ मध्ये, हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत शल्यचिकित्सक मृतदेहांच्या कर्णास्थींवर सराव करून आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हाडाचा रंग पाहून शिकले. तो सराव आजही सुटलेला नाही. सायनसवरचे हाड घासत गेल्यावर ते पातळ होते आणि त्यातून निळसर छटा दिसू लागते, ड्रिलचा आवाजही बदलतो. तिथे कापणारा बर (ड्रिलचे फिरते टोक) काढून हिऱ्याचा बर लावायचा आणि भरपूर पाणी सोडत हलक्या हाताने पुढे जायचे. पण निळी छटा दिसते ती आपण शिरेजवळ पोहोचल्यावर. स्कॅनमध्ये तिची जागा आधी कळलेली असेल, तर ड्रिल कुठून सुरू करायचे आणि कोणत्या दिशेने न्यायचे हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवता येते.

आपण म्हणता तो एक्स-रे म्हणजे बहुधा शुलर्स व्ह्यू. त्यात मास्टॉइडमध्ये हवेचे कप्पे किती आहेत, सायनसची पाटी किती पुढे आहे आणि मेंदूच्या आवरणाची पातळी किती खाली आहे, याचा अंदाज येतो. ज्युग्युलर बल्बवरचे हाड शाबूत आहे का, कॅरॉटिड जागेवर आहे का, हे त्यात दिसत नाही, कारण सगळ्या सावल्या एकावर एक पडतात.

प्रत्येक वाहत्या कानाला सीटी हवाच, असे मी म्हणणार नाही. पडद्याच्या मध्यभागी छिद्र आहे, कान कोरडा आहे, सूक्ष्मदर्शकाखाली आतला भाग स्वच्छ दिसतो आहे आणि फक्त पडदा शिवायचा आहे, अशा रुग्णाला अनेक शल्यचिकित्सक स्कॅनशिवाय घेतात आणि ते अयोग्य नाही. मात्र कोलेस्टिटोमा, एकदा शस्त्रक्रिया झालेला कान, जन्मतः वेगळी घडण असलेला कान, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कर्णावर्तात इलेक्ट्रोड बसवणे), चक्कर किंवा चेहरा वाकडा होणे अशी गुंतागुंत, आणि पडद्यामागे निळे किंवा लाल काही दिसणे, यांपैकी काहीही असेल तर मी स्कॅनशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही आणि कोणी करू नये असेच सांगेन. यांपैकी शेवटच्या प्रकारात तर पडद्याला छेद देण्याचासुद्धा विचार करू नये.

बल्ब उंच असून त्यावर हाड नसेल, तर धोका कुठे येतो हेही सांगतो. मध्यकर्णात जाण्यासाठी कानाच्या नळीची त्वचा आणि पडद्याची कड एकत्र उचलून पुढे दुमडतात. ती कड मागून-खालून उचलली जाते आणि हाड नसलेला बल्ब नेमका तिथेच पडद्याला चिकटून असू शकतो. उपकरणाचे टोक शिरेत गेले, तर क्षणात सगळे क्षेत्र रक्ताने भरते. तेव्हा चिमट्याने काही शोधत बसायचे नसते. सर्जिसेल किंवा जेलफोम (रक्त थांबवणारे, शरीरात विरघळणारे साहित्य) ठेवून हलका दाब द्यायचा, भूलतज्ज्ञांना सांगून टेबलाची डोक्याची बाजू खाली करून घ्यायची आणि थांबायचे. डोके उंच असताना शीर उघडी राहिली, तर तिच्यातून हवा आत ओढली जाण्याची भीती असते. शिरेतला रक्तस्राव असा दाबाने बहुधा थांबतो. कॅरॉटिडला इजा झाली तर ती गोष्ट या पातळीवर राहत नाही, तिथे जीव धोक्यात येतो.

स्कॅन नेहमी दोन्ही कानांचा एकत्र होतो, त्याचाही इथे उपयोग आहे. सामान्यतः उजव्या बाजूची शीर मोठी असते. ज्या बाजूला शस्त्रक्रिया आहे तिकडची शीर मोठी आणि दुसरीकडची अगदी बारीक असेल, तर ही शीर बंद पडणे रुग्णाला परवडणारे नसते, कारण मेंदूतले रक्त मुख्यतः तिच्यातूनच उतरते. अशा वेळी पॅकिंग किती घट्ट करायचे याचा निर्णयही बदलतो.

सिडकोवासी

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साठते, म्हणून पडद्यात ग्रॉमेट (हवा जाण्यासाठी छोटी नळी) बसवायचे ठरले आहे. डॉक्टरांनी स्कॅन सांगितलेला नाही. हे वाचून काळजी वाटली. आम्ही स्वतःहून काढून घ्यावा का? किरणोत्सर्गाचीही भीती वाटते.

कर्णचिकित्सक

सिडकोवासी, नेहमीच्या ग्रॉमेटसाठी सीटी काढत नाहीत आणि आपल्या डॉक्टरांचा निर्णय प्रचलित पद्धतीला धरूनच आहे. पडद्याचा छेद पुढच्या-खालच्या भागात घेतात आणि मागचा-खालचा भाग, जिथे बल्ब असण्याची शक्यता असते, टाळतात. छेद देण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पडदा नीट पाहिला जातो. तिथे निळसर फुगवटा किंवा ठोके देणारी लालसर सावली दिसली, तर शल्यचिकित्सक थांबून आधी स्कॅन करतात. आपण डॉक्टरांना एवढेच विचारा की दोन्ही पडद्यांचा रंग नेहमीच्या पाण्यासारखाच दिसतो आहे ना.

प्रतिमावाचक

किरणांच्या बाबतीत एवढेच सांगेन की लहान मुलांत गरजेशिवाय सीटी करू नये आणि गरज असेल तिथे भीतीपोटी टाळू नये. कानाच्या स्कॅनमध्ये तपासायचा भाग अगदी छोटा असतो. मुलांसाठी मात्रा कमी ठेवण्याची सोय यंत्रात असते आणि डोळ्यांची भिंगे किरणांच्या वाटेत येणार नाहीत असे डोके ठेवता येते. यंत्राला प्रत्यक्ष वेळ थोडाच लागतो, त्यामुळे अनेक मुले झोपेत असतानाच स्कॅन उरकतो.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या मुलांत मात्र सीटी आणि एमआरआय या चाचण्यांकडे मी फार काटेकोरपणे पाहतो. बल्ब उंच असेल तर तो गोल खिडकीच्या, म्हणजे कर्णावर्ताच्या छोट्या पडदेबंद छिद्राच्या, समोर येतो, आणि इलेक्ट्रोड सरकवायची जागा तीच असते. हे आधी कळले, तर शल्यचिकित्सक कर्णावर्तात शिरण्याची दुसरी जागा योजून ठेवतात.

थत्तेनगर

माझ्या आईला उजव्या कानात नाडीच्या ठोक्यांबरोबर घुम-घुम असा आवाज येतो आणि डॉक्टरांनी पडद्यामागे लालसर गाठ दिसते असे सांगितले. शेजारच्या एका परिचितांनी आम्हाला सुचवले की तुकडा काढून तपासायला पाठवावा म्हणजे निदान होईल. आमच्या डॉक्टरांनी ते स्पष्टपणे नाकारले आणि आधी सीटी, मग कॉन्ट्रास्टसह अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण), असा क्रम सांगितला. एवढा क्रम का लागतो, हे आम्हाला नीट समजून घ्यायचे आहे.

कर्णचिकित्सक

थत्तेनगर, आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम अगदी योग्य आहे आणि तुकडा काढण्याची सूचना कोणीही, कितीही आपुलकीने केली तरी ती मान्य करू नका. पडद्यामागची लाल, ठोके देणारी गाठ ही प्रामुख्याने दोन गोष्टींपैकी एक असू शकते. एक म्हणजे ग्लोमस, ज्याला आता पॅरागँग्लिओमा म्हणतात. ही रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ असते. दुसरी म्हणजे स्वतः कॅरॉटिड धमनी, जी काही थोड्या लोकांत जन्मतःच वाट बदलून मध्यकर्णातून जाते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या प्रकारात तुकडा काढला तर जोराचा रक्तस्राव होतो, दुसऱ्या प्रकारात मेंदूकडे जाणारी मुख्य धमनीच कापली जाते.

प्रतिमावाचक

हा फरक चित्रात फार स्पष्ट दिसतो, म्हणून जोडतो. गर्भावस्थेत कॅरॉटिडचा मानेतला एक भाग तयार न होता विरून गेला, तर रक्त दुसऱ्या वाटेने येते. एरवी बारीक असलेली खालची टिंपॅनिक धमनी मोठी होऊन मध्यकर्णात शिरते आणि पुढे मूळ कॅरॉटिडला मिळते. त्यामुळे सीटीत त्या बाजूच्या कॅरॉटिड वाहिनीचा उभा भाग दिसतच नाही, ती धमनी शिरते ते छोटे छिद्र रुंद झालेले असते, आणि एक नळीसारखी करडी आकृती मागून येऊन कर्णावर्ताच्या उंचवट्यावरून पुढे जाऊन आडव्या कॅरॉटिडला मिळते. एकाच कापात ती गोल गाठीसारखी दिसते. पाच-सहा काप वरखाली करून पाहिले की ती गाठ नसून नळी आहे हे लक्षात येते. म्हणून फिल्मवरच्या निवडक चित्रांवर निर्णय घेऊ नये, पूर्ण स्कॅन संगणकावर पाहावा.

लहान ग्लोमस मध्यकर्णाच्या उंचवट्यावर बसलेला असतो आणि त्यावेळी कॅरॉटिडची वाहिनी जागेवर शाबूत असते. तो खालून, ज्युग्युलर बल्बपासून वाढलेला असेल, तर हाडाच्या कडा वाळवी लागल्यासारख्या कुरतडलेल्या दिसतात आणि मी वर सांगितलेला कॅरॉटिड व ज्युग्युलर यांमधला कंगोरा खाल्ला जातो. उंच बल्बची कड मात्र गुळगुळीत राहते. शंका उरली तर सीटी अँजिओग्राफी, शिरांसाठी व्हेनोग्राफी किंवा एमआरआय करतात. कॉन्ट्रास्ट द्यायचा असल्याने आईंची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) आधी करून घ्या, आणि त्यांना मधुमेह असेल किंवा पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले असेल, तर सेंटरमध्ये गेल्याबरोबर सांगा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरच्या चर्चेतली चिठ्ठीची ओळ आम्ही शल्यचिकित्सकांना दाखवली. त्यांनी ती लिहून दिली आणि स्कॅन सेंटरने त्याच चित्रांवरून, पुन्हा स्कॅन न करता, पुरवणी अहवाल दिला. बल्ब मध्यकर्णाच्या तळाच्या वर आहे, मागच्या-खालच्या भागात हाडाचे आवरण नाही, सिग्मॉइड सायनस मध्यम पुढे आहे, कॅरॉटिड जागेवर आहे आणि डावी शीरही चांगल्या आकाराची आहे, असे त्यात नमूद आहे. शस्त्रक्रिया रद्द झालेली नाही. पडद्याची कड वरच्या बाजूने उचलायची आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी, बल्ब डोळ्यांसमोर ठेवून सोडवायचा, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. भूलतज्ज्ञांनाही हा अहवाल आधीच दिलेला आहे.

एक गोष्ट मला मुद्दाम लिहावीशी वाटते. वहिनी ‘उंच बल्ब’ हे शब्द वाचून फार घाबरल्या होत्या. हा आजार नाही, पुष्कळ लोक तो घेऊन आयुष्यभर विनातक्रार जगतात, असे डॉक्टरांनी समोर बसवून समजावले, तेव्हा त्यांना धीर आला. अहवाल रुग्णाच्या हातात देताना कोणीतरी हे बोलायला हवे.

निफाडकर

माझ्या शंकेला सविस्तर उत्तर दिल्याबद्दल कर्णचिकित्सक यांचे आभार. माझ्या चुलत्यांच्या कानाची शस्त्रक्रिया आता दुसऱ्यांदा करायची आहे. पहिल्या वेळचा स्कॅन घरात आहे. पुन्हा खर्च करावा लागेल का?

प्रतिमावाचक

निफाडकर, जुनी सीडी टाकून देऊ नका. प्रौढ माणसात बल्ब, सायनस आणि कॅरॉटिड यांची मूळ जागा सहसा बदलत नाही, त्यामुळे त्या बाबतीत जुना स्कॅनही उपयोगी पडतो. मात्र पहिल्या शस्त्रक्रियेत हाड काढलेले आहे, म्हणजे सायनसवरचे आवरण पूर्वीइतके जाड राहिले असेलच असे नाही, आणि रोग पुन्हा वाढला असेल तर त्यानेही हाड खाल्लेले असू शकते. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी नवा स्कॅन बहुधा लागतो. जुनी सीडी, जुना अहवाल आणि पहिल्या शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद असे तिन्ही सेंटरवर सोबत न्या, म्हणजे दोन्ही वेळची चित्रे शेजारी लावून तुलना करता येईल. सीडी घरच्या संगणकावर आधी उघडून पाहा. अनेक जुन्या सीड्या ओरखडे पडून वाचल्या जात नाहीत. तसे झाले तर पहिल्या सेंटरला फोन करून पाहा, त्यांच्याकडे मूळ चित्रे जतन केलेली असली तर ते नवी प्रत काढून देतात.

निफाडकर

सीडी उघडते आहे. डिस्चार्ज कागद तालुक्याच्या घरी असेल, तो शोधून सोमवारी चुलत्यांना घेऊन नाशिकला येतो.